तेवीस वाहून गेली, मी उरलो

मी एक लाईफ जॅकेट. रंग नारिंगी, पोटात फोमचे चार जाड तुकडे, पुढे तीन पट्टे, खांद्याशी एक शिट्टी, मानेमागे धरून ओढायला एक कडी आणि पाठीवर आकडा सतरा. आम्हां जाकिटांना बोलायची सवय नसते. आमचं सगळं आयुष्य गुपचूप पडून राहण्यात जातं. पण माझ्या वाट्याला दोन दिवस असे आले की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चार मिनिटं बसा, ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे चाळीस मशिनं एका ओळीत दिवसभर खडखडत असायची. खिडकीपासून तिसऱ्या मशिनवर बसणाऱ्या बाईने मला शिवलं. पट्टा शिवून झाला की ती तो दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघायची. नियम एकदा ओढायचा होता, ही दोनदा ओढायची.

"बाई, एकदा पुरे. दिवसाला साठ व्हायला हवीत," मुकादम म्हणाला.

"हे अंगात घालणारा माणूस मला ओळखत नाही, साहेब," ती दोरा तोडत म्हणाली. "मी दोनदाच ओढणार."

मग मला वजन बांधून एका टाकीत सोडलं. दिवस-रात्र मी तरंगत राहिलो आणि पास झालो. पाण्याशी माझा संबंध आला तो एवढाच. त्यानंतर नऊ वर्षं पाण्याचा थेंबही अंगाला लागला नाही, आणि तेही समुद्रावर राहून.

कारण मी गेलो एका छोट्या प्रवासी जहाजावर. दोन मजली जहाज, दहा खोल्या, मागच्या डेकवर एक लाकडी बाक, आणि त्या बाकाच्या पोटात आम्ही चोवीस जाकिटं. आमच्या डोक्यावर बसून लोक सँडविच खायचे, फोटो काढायचे, रुसायचे, समेट करायचे. सहलीच्या सुरुवातीला जहाजावरचा एक माणूस आमच्यातलं एक घालून दाखवायचा. पट्टा असा ओढा, शिट्टी अशी वाजवा. त्या वेळी एकही प्रवासी त्याच्याकडे बघत नसे. वर्षातून एकदा तपासनीस यायचा, आम्हांला दाबून बघायचा, कागदावर खूण करायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. माझ्या शेजारच्या सोळा नंबरला एकदा आचाऱ्याने उशी म्हणून नेलं होतं. त्याचीसुद्धा सोळा नंबरने वर्षभर फुशारकी मारली. यावरून आमच्या आयुष्यात किती घडत होतं त्याचा अंदाज करा.

आणि मग ती सहल आली.

शहरात पोहायला शिकवणारे एक सर होते. तलावात उतरले की वाघ. त्यांच्या डोक्यात कल्पना आली की पाण्याला भिणाऱ्या माणसांची एक सहल काढायची, आणि तीही समुद्रावर. 'दोन दिवसांत भीती पळवा' अशी त्यांनी जाहिरात केली. पहिल्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी एका बेटावर उतरायचं, तिथे मुक्काम करून तिसऱ्या दिवशी परत. चौदा माणसं तयार झाली. सगळ्यांना निळे टी-शर्ट मिळाले. पुढे लिहिलं होतं, 'पाणी माझा मित्र'.

कप्तानाला हे काही पटलं नव्हतं. पिकलेल्या मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस तो. "सर, भिणारी माणसं बोटीवर कशाला आणता?" त्याने विचारलं.

"जिथे भीती, तिथेच औषध," सर म्हणाले.

"औषध जास्त झालं तर?"

सर हसले. कप्तान हसला नाही.

धक्क्यावरून जहाजावर यायला सहा पावलांची फळी होती. चौदा माणसांना ती ओलांडायला पाऊण तास लागला. एक धिप्पाड बेकरीवाले होते, एका हाताने पिठाचं पोतं उचलतील असे. ते फळीवरून गुडघ्यांवर रांगत आले. दोन बहिणी एकमेकींचे डोळे हाताने झाकून आल्या, त्यामुळे दोघींनाही काही दिसत नव्हतं.

सगळ्यांत शेवटी आलं एक जोडपं. बाई शिवणकाम करायची. पस्तीस वर्षं लोकांची मापं घेऊन तिची नजर अशी तयार झाली होती की माणूस दारातून आत येईपर्यंत तिला त्याची छाती, कंबर, उंची कळायची. आळीतले लोक तिला मापकाकू म्हणायचे. नवरा निवृत्त बस कंडक्टर. ताठ मान, खणखणीत आवाज, आणि माणसं दिसली की 'पुढे चला, पुढे चला' म्हणायची सवय.

"मी काही भीत-बीत नाही," काका चढता चढता सगळ्यांना सांगत होते. "हिच्यासाठी आलोय. हिला एकटीला कसं सोडणार?" फळीवरून ते झपाझप आले खरे, पण आकाशाकडे बघत.

त्या दोघांची मुलगी त्या बेटावर राहायची. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती, आणि जावई बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बेटावर नर्स एकच, त्यामुळे तिला रजा म्हणून मिळत नसे. नात आठ महिन्यांची असताना मुलगी तिला एकदा घेऊन आली होती, तेवढीच. आता नात चार वर्षांची झाली होती, आणि या दोघांनी बेटावर पाऊल ठेवलं नव्हतं. फेरीबोट रोज सुटायची. पण मापकाकू धक्क्यापर्यंत जायची आणि पाणी दिसलं की तिथेच थबकायची. दोनदा ती तिथूनच परत फिरली होती. फोनवर काका मुलीला सांगायचे, "तुझ्या आईला पाण्याची धास्ती आहे गं. नाहीतर मी केव्हाच आलो असतो." आणि शेजारी बसलेली मापकाकू खाली मान घालून नातीचा झगा शिवत राहायची. गावभराची मापं बिनचूक घेणाऱ्या बाईने सगळ्या जगात एकाच माणसाचे कपडे अंदाजाने शिवले होते, आणि ते कधी आखूड व्हायचे तर कधी घोळदार.

हे सगळं मला कसं कळलं? ऐका.

सहल सुरू झाली आणि बाकाचं झाकण उघडलं. मापकाकूच्या हातात मी आलो. तिने मला आधी उलटा केला. माझी शिवण बोटाने चाचपली, पट्ट्याचं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"शिलाई मनापासून केलीय," ती म्हणाली आणि मला अंगात घातलं. पट्ट्यांच्या तिन्ही कड्या लावल्या. कट, कट, कट. "आता हे मी घरी गेल्यावर काढणार."

लोकांना वाटलं गंमत करतेय. पण ती मला घालून जेवली. मला घालून पत्ते खेळली. तिला सूप पिता येईना, कारण माझी कॉलर हनुवटीला टेकायची, तर तिने ते कपातून प्यायलं. मला घालूनच ती झोपली, आणि झोपेआधी नवऱ्याशी नातीबद्दल जे बोलली ते सगळं माझ्या फोमात मुरलं. नऊ वर्षं बाकाच्या पोटात पडलेल्या मला माणसाच्या छातीचे ठोके पहिल्यांदा ऐकू आले. काकांनी जाकिटाला हातही लावला नव्हता. "मला काय करायचंय ते," म्हणाले होते.

आता सरांचं सांगतो. जहाज बंदराबाहेर पडलं, पहिली लाट बाजूने आली आणि सरांचा चेहरा पांढरा पडला. तलावात लाटा नसतात. सर कठड्याकडे धावले, मग खोलीकडे, मग पुन्हा कठड्याकडे. पहिल्या दिवशीची तिन्ही व्याख्यानं रद्द झाली. भिणारी चौदा माणसं सरांच्या खोलीबाहेर उभी राहून त्यांना लिंबूपाणी देत होती आणि धीर देत होती. "दीर्घ श्वास घ्या, सर," असं बेकरीवाले म्हणत होते. हे वाक्य सरांच्याच पुस्तिकेत पान चारवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत होता. लांबवर बेट दिसायला लागलं. मापकाकू सकाळपासून कठड्यापासून चार हात लांब उभी राहून तिकडे बघत होती. सर कसेबसे उठले. आपल्या सहलीची अब्रू वाचवायची म्हणून त्यांनी सगळ्यांना मागच्या डेकवर जमवलं.

"भीती का वाटते? विश्वास नाही म्हणून," सर म्हणाले. "आज तुम्ही डोळ्यांनी बघाल की ही जाकिटं बुडतच नाहीत."

त्यांनी सगळ्यांची जाकिटं मागितली, बाकातली उरलेलीही काढली, आणि सगळी एका लांब दोरीत ओवली. मापकाकूसमोर ते आले.

"काकू, द्या तुमचं."

"माझा विश्वास आहे," ती म्हणाली.

"अहो, पण प्रयोगासाठी."

"तेवीस पुरेत की प्रयोगाला."

सरांनी नाद सोडला. दोरीचं टोक कठड्याला बांधून त्यांनी तेवीस जाकिटं समुद्रात सोडली. काय सुंदर दिसत होती ती. निळ्या पाण्यावर नारिंगी फुलांची माळ टाकावी तशी. नऊ वर्षांचे माझे सोबती शेवटी पाण्यात उतरले होते आणि मी मात्र एका बाईच्या अंगावर कोरडाठाक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोळा नंबर तर लाटेवर नुसता मिरवत होता.

टाळ्या चालू असतानाच दोरीची गाठ सुटली.

गाठ बांधताना सरांना मळमळत होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. भरतीचा ओघ बेटाकडे होता. माळ आधी जहाजापासून चार हात लांब गेली, मग चाळीस, मग एकेक जाकीट सुटं होऊन आपापल्या वाटेला लागलं.

कप्तान वरून खाली आला. रिकामा बाक बघितला, समुद्राकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "जाकिटांशिवाय मला प्रवासी नेता येत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "नियम आहे. आता ती गोळा केल्याशिवाय गत्यंतर नाही."

सरांनी "मला जरा पडायला हवं" म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कप्तानाने जहाज वळवलं. लांब काठीला आकडा लावून एक माणूस पुढे उभा राहिला. पण जाकिटांना काय, ती वीतभर पाण्यावरूनही जातात. जहाजाला तसं जमत नाही. तीन जाकिटं हाताशी येणार एवढ्यात खालून खर्रर्र असा आवाज आला. सगळे पुढे झुकले, कपबश्या टेबलावरून घसरल्या, आणि जहाज थांबलं. ते वाळूच्या उंचवट्यावर चढलं होतं, आणि नेमकी भरती उतरायला लागली होती.

"बुडतोय का आपण?" दोघी बहिणींनी एकदमच विचारलं.

"बुडायला पाणी लागतं," कप्तान म्हणाला. "ते तर चाललंय. आता पुढच्या भरतीपर्यंत इथेच. म्हणजे रात्रीचे नऊ."

आणि खरंच पाणी चाललं होतं. तासाभरात जहाज एका अंगाला कललं. दोन तासांत खाली वाळू दिसायला लागली. पाण्याला भिणाऱ्या चौदा माणसांसमोरून समुद्रच निघून गेला. बेकरीवाल्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि कालपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "हा कुठला समुद्र," ते म्हणाले. "ही तर ओली जमीन झाली."

इकडे हे चाललं होतं, आणि तिकडे बेटावर काय झालं असेल याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता.

बेटाच्या किनाऱ्यावर एकेक करत रिकामी जाकिटं लागत होती. सगळ्यांवर आमच्या जहाजाचं नाव. लोकांनी ती उचलून दवाखान्याच्या ओट्यावर आणून ठेवली, आणि तिथली नर्स म्हणजे मापकाकूची मुलगी. आई-बाबा त्याच जहाजाने यायचे होते. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने वडिलांना फोन लावला, आईला लावला. पण सगळ्यांचे फोन सरांनी 'मन एकाग्र व्हावं' म्हणून काढून घेतले होते, आणि ते सरांच्या पिशवीत, सरांच्या पलंगाखाली वाजत होते. मुलगी धावत टेकाडावर गेली. तिथून तिला वाळूवर तिरकं उभं असलेलं जहाज दिसलं.

दुपारी अडीचच्या सुमाराला आम्हांला वाळूवरून दोन माणसं पळत येताना दिसली. पुढे दवाखान्याचा पांढरा कोट घातलेली मुलगी, मागे दोर आणि वल्हं घेतलेला जावई.

मापकाकू कठड्याशी गेली. कालपासून ज्या कठड्याला तिने बोट लावलं नव्हतं, त्याला ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"आई," मुलगी खालून म्हणाली. तिला धाप लागली होती आणि ती रडत होती. "आई, तू आहेस ना?"

"आहे गं. हे बघ, अंगात जाकीट आहे. मला काय होतंय?"

"बाबा?"

"तेही आहेत."

मुलगी तशीच वाळूत बसली. मग डोळे पुसून उठली. जावयाने कप्तानाला वाट समजावली. ओहोटीला बेटापर्यंत चालत जाता येतं, किलोमीटरभर अंतर, पाणी घोट्यापर्यंत. फक्त मध्ये एक खाच आहे, दहा-बारा पावलांची, तिथे कमरेएवढं पाणी लागतं.

"आमची जाकिटं मिळाली का?" कप्तानाने विचारलं.

"बरीच मिळाली. ओट्यावर ठेवलीत."

"आणली नाहीत?"

जावयाने बायकोकडे बघितलं. "घाईत राहिली," तो म्हणाला.

कप्तान स्वतः खाली उतरला, वल्ह्याने चाचपत खाचेपर्यंत जाऊन आला, आणि म्हणाला, "ज्यांना जायचंय त्यांनी दोर धरून जा. तीनच्या आत. बाकीच्यांनी इथे थांबा, जहाजाला धोका नाही." कललेल्या जहाजावर आता चहाचा कपही उभा राहत नव्हता. शिडी लागली. बेकरीवाले पहिले उतरले, या खेपेला दोन पायांवर. मग दोघी बहिणी, मग एकेक करून सगळे. वाळूवर पाय टेकला की प्रत्येक जण खाली बघून स्वतःशीच हसायचा.

राहिले मापकाकू आणि काका.

"अहो, चला," मापकाकू म्हणाली.

"तू हो पुढे. मी सामानाकडे बघतो."

"सामान कुठे पळून जातंय?"

"सरांजवळ कुणीतरी थांबायला हवं. आजारी माणूस आहे."

मापकाकूने नवऱ्याकडे नीट बघितलं. मी तिच्या छातीवर होतो, मला तिची नजर कुठे गेली ते कळलं. काकांनी कठडा इतका आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती. लोकांची मापं घेण्यात जन्म गेलेल्या या बाईला घरातल्या माणसाचं हे माप एवढ्या वर्षांत घेता आलं नव्हतं.

"केव्हापासून?" तिने हळूच विचारलं.

काका खाली बघत म्हणाले, "लहानपणापासून. विहिरीत पडलो होतो एकदा."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू आधीच भीत होतीस. मग मला सांगायची गरजच पडली नाही."

"आणि पोरीला दर वेळी माझं नाव सांगत राहिलात."

"हो," काका म्हणाले. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सांगत राहिलो."

मला वाटलं आता ही कडाडणार. तिच्या छातीत ठोके वाढलेले मला जाणवत होते. चार वर्षं तिने ते ऐकून घेतलं होतं, स्वतःला दोष देत झगे शिवले होते. पण तिने हात वर नेला आणि माझी पहिली कडी काढली. कट. दुसरी. कट. तिसरी.

"हात वर करा," ती म्हणाली.

"अगं, मग तुला?"

"मला भीती पाण्याची. तुम्हांला पाण्याची आणि लोकांची, दोन्हींची. तुम्हांला जास्त गरज आहे."

गिऱ्हाइकाला कोट चढवावा तसं तिने मला त्यांच्या अंगात चढवलं, पट्टे ओढले, खांद्यावरची सुरकुती मोडली. काकांच्या छातीत नुसता घणाचा आवाज होता. आणि माझी मापकाकू जाकिटाशिवाय, नुसत्या निळ्या टी-शर्टवर शिडीच्या पहिल्या पायरीवर उलटी उभी राहिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. पण तिने वर बघून नवऱ्याला एवढंच म्हटलं, "खाली बघू नका. माझ्याकडे बघा."

वाळूवरून आम्ही चाललो. पुढे जावई, त्याच्यामागे दोराला धरून बाकीचे, सर्वांत शेवटी काका, मापकाकू आणि मुलगी. पाणी घोट्यापर्यंत होतं, कोमट होतं. काकांना जरा धीर आला. खाचेजवळ पुढचे लोक थबकले तेव्हा तर ते सवयीने म्हणाले, "पुढे चला, पुढे चला."

खाचेत शिरलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं, कमरेला लागलं. आणि काकांचा उजवा पाय वाळूतल्या एका खड्ड्यात गेला. दोर हातातून सुटला. ते आडवे झाले, डोकं पाण्याखाली गेलं.

माझा जन्म ज्यासाठी झाला होता ते काम असं अचानक, काही पूर्वसूचना न देता समोर आलं. मी काही विचार केला नाही. फोमाला विचार करायचा नसतो. मी वर उठलो आणि काकांना घेऊन उठलो. त्यांचं तोंड पाण्याबाहेर आलं, त्यांनी हात झाडले, पुढची एक कडी तटकन तुटली, तरी मी त्यांना धरून होतो. तेवढ्यात मानेमागच्या माझ्या कडीत एक मूठ घट्ट बसली. मापकाकूची. तिने ओढलं, पाय रोवून पुन्हा ओढलं, आणि त्यांना उभं केलं. दहा आकडे मोजायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात सगळं आटोपलं.

काका खोकत उभे राहिले. मुलीने दुसरा दंड धरला होता.

"सोडू का?" मापकाकूने विचारलं.

"नको," काका म्हणाले.

तिने कडी सोडली नाही. खाच ओलांडून पलीकडे गेल्यावर तिने मागे वळून बघितलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कमरेएवढ्या पाण्यातून आलो, आणि अंगात जाकीट नव्हतं. ती मटकन वाळूत बसली. घाबरून नाही. तिला हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली, आणि मुलगीही तिच्याशेजारी बसली.

काका त्या दोघींसमोर उभे राहिले. निथळत, वाकडे झालेले माझे पट्टे सांभाळत. "तुझी आई आडवी आली नव्हती," ते मुलीला म्हणाले. "मीच भीत होतो. तिचं नाव पुढे करत होतो."

"मला अंदाज होता, बाबा," मुलगी म्हणाली. "न विचारता सांगायचात ना दर वेळी."

किनाऱ्यावर शेजारणीचं बोट धरून नात उभी होती. काकांच्या अंगावरचं नारिंगी बोचकं बघून ती आधी शेजारणीच्या मागे लपली. मग हळूच पुढे आली, आजीकडे खालपासून वरपर्यंत टक लावून बघितलं. तिने आजी फोनमध्ये बघितलेली, गळ्यापासून वर.

"आजीला पाय आहेत," तिने आईला सांगितलं.

"आहेत तर," मापकाकू म्हणाली. तिचे ते दोन्ही पाय कमरेपर्यंत भिजलेले होते. तिने खाली बसून नातीला जवळ ओढलं, आणि वितीने तिची पाठ मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बेटाच्या धक्क्याला लागलं तेव्हा सहलीतली माणसं धक्क्याच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून चहा पीत बसली होती. सर वरून उतरले, खांबाला धरत. सगळ्या सहलीत समुद्राच्या पाण्याला पाय न लागलेला माणूस तेवढा तोच. त्यांनी हे दृश्य बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले. ठरल्याप्रमाणे त्यांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. एक जास्तीचं उरलं होतं. बेकरीवाल्यांनी त्यावर सरांचं नाव घातलं, खाली 'उत्तेजनार्थ' असं लिहिलं, आणि सरांनी ते घेतलंही.

तेवीसपैकी वीस जाकिटं मिळाली. सोळा नंबर सापडला नाही. मला वाटतं तो अजून कुठेतरी मिरवत असेल.

माझी पुढची एक कडी तुटली होती. मोडकं जाकीट जहाजावर ठेवत नाहीत, ते कापून टाकतात. कप्तान कात्री घेऊन आला, तर मापकाकू वाटेत उभी.

"कापण्यापेक्षा मला द्या."

"समुद्रावर चालणार नाही हे आता, काकू."

"समुद्रावर कोण नेतंय?"

कप्तानाने काळ्या शाईने माझ्या पाठीवर 'समुद्रासाठी नाही' असं ठळक लिहिलं आणि मला तिच्या हातात दिलं.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. दोघं दर दोन महिन्यांनी फेरीबोटीने बेटावर जातात. तिथे त्यांना फेरीची जाकिटं मिळतात, कोवळी, नवी. मी घरी असतो.

पण मंगळवार आणि शुक्रवार माझे. त्या दिवशी काका मला पिशवीत घालून शहरातल्या तलावावर नेतात. ओळखीच्यांना सांगतात, गुडघ्याच्या व्यायामाला चाललोय. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकतोय म्हणायला त्यांना अजून लाज वाटते. पहिले तीन महिने मी त्यांच्या अंगात होतो. मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, आज हे काठावर ठेवून या." ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मला बाकावर ठेवलं आणि हळूहळू पायऱ्या उतरले.

तेव्हापासून मी बाकावरच असतो. माझा रंग उडालाय, फोमचा एक तुकडा दबलाय. वाईट वाटतं का? आधी वाटलं. आम्ही लोकांना तरंगवण्यासाठी जन्मलो, बाकावर बसण्यासाठी नाही. पण आता मला दुसरंच काम मिळालंय. मापकाकू माझ्याशेजारी बसते, टाचण्यांची डबी आणि काही काजं-बटणांचं काम घेऊन. काकांचं डोकं पाण्याखाली गेलं की तिची सुई थांबते आणि तिचा हात नकळत माझ्या पट्ट्यावर येऊन घट्ट होतो. डोकं वर आलं की सैल होतो. मागच्या शुक्रवारी काकांनी तलावाची सगळी रुंदी एका दमात पार केली. त्या वेळी तिने मला इतकं आवळलं की माझी जुनी शिवण करकरली, पण तुटली नाही.

एवढंच माझं आयुष्य. एक मागणं आहे, रागावू नका. पुढच्या वेळी बोटीवर कुणी जाकीट घालून दाखवत असेल, तर दोन मिनिटं फोटो काढणं थांबवा आणि बघा. आणि शेजारी कुणी 'मी काही भीत नाही' म्हणत आकाशाकडे बघत उभं असेल, तर त्याचा पट्टा तुम्हीच बांधा. त्याला विचारत बसू नका.

चला. काका बाहेर येतायत, ओले हात पुसायला त्यांना मीच लागतो.